घरचा उपभोग आणि शासनाचा उपभोग

देशात वर्षभर जे उत्पादन होते, त्याचा मोठा भाग लोकांच्या दैनंदिन गरजा भागविण्यासाठी वापरला जातो. यालाच उपभोग असे म्हणतात. भारतात स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या जवळजवळ तीन पंचमांश इतका खर्च कुटुंबांच्या उपभोगावर होतो; शासनाच्या उपभोगाचा वाटा साधारणपणे एक दशांश असतो.

कुटुंबाच्या उपभोगात केवळ बाजारातून आणलेल्या वस्तूच येतात असे नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातील ज्वारी घरी खाण्यासाठी ठेवली, तर तिचीही किंमत त्यात धरली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांचे वेतन, प्राथमिक आरोग्य केंद्रातील मोफत औषधे, पोलीस व न्यायदान यांवरील खर्च हा शासकीय उपभोग होय. शाळेची इमारत किंवा रस्ता बांधण्याचा खर्च मात्र भांडवल निर्मितीत मोडतो. वृद्धांना मिळणारे निवृत्तिवेतन हे केवळ हस्तांतरण असते; त्या पैशातून धान्य किंवा कापड घेतले गेले, म्हणजे ते कुटुंबाच्या उपभोगात दिसू लागते.

राष्ट्रीय नमुना पाहणीचे कार्य १९५० मध्ये सुरू झाले. तिच्या आकड्यांनुसार ग्रामीण भागातील दरमहा दरडोई खर्च २०११-१२ मध्ये सरासरी १,४३० रुपये होता. २०२२-२३ मध्ये तो ३,७७३ रुपये झाला. यात भाववाढीचा भागही मोठा आहे. परंतु एकूण खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आला, ही बाब अधिक बोलकी आहे. पोटापलीकडच्या गरजांकडे कुटुंबे वळू लागल्याचे ते लक्षण आहे.

तथापि घरखर्च वाढला म्हणजे सुबत्ता आली, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. आरोग्य केंद्रात औषध नसेल, तर रुग्णाचे नातेवाईक ते दुकानातून आणतात. हिशेबात कुटुंबाचा उपभोग वाढतो. प्रत्यक्षात त्या घरावर कर्जाचा बोजा चढलेला असतो. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. याच काळात शासनाच्या आरोग्यखर्चाचा वाटा २८.६ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. शासनाने उचललेला भार घराच्या खांद्यावरून उतरतो, तो असा.

वेतन आणि औषधे यांवरील आवर्ती खर्चाला पुष्कळदा अनुत्पादक समजले जाते. इमारत डोळ्यांना दिसते. तिच्यात दररोज मिळणारी सेवा सहसा नजरेत भरत नाही. म्हणून ग्रामसभेत नव्या बांधकामाचा विचार होत असताना, ते चालविण्यास लागणारी माणसे व साहित्य यांची तरतूद कोठून होणार, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर तो खर्च अखेरीस गावातील घराघरांनाच करावा लागतो.