‘टर्बो बसला’ म्हणण्याआधी

‘टर्बो बसला, बदलावा लागेल.’ घुग्घुस, राजुरा, गडचांदूरपासून आलापल्ली-एटापल्लीपर्यंत रस्त्याकडेच्या गॅरेजात भरलेल्या ट्रकचा पिकअप गेल्याची तक्रार घेऊन जा, हे वाक्य कानावर पडतंच. पुरावेही ठरलेले. मिस्त्री टर्बोच्या तोंडाचा होस पाईप काढतो, आत बोट फिरवून तेल दाखवतो, मग पंखा बोटानं हलवतो. ‘बघा भाऊ, प्ले आहे.’ मालक हजारो रुपये मोजतो. पुढे नवा टर्बोही तसाच जातो आणि खापर टर्बोच्या कंपनीवर फुटतं. हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता संयम सुटतो, कारण या दोन गोष्टींवरून टर्बो गेला असं ठरवताच येत नाही.

आधी प्लेचं पाहू. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंनी एका टोकाचा पंखा फिरतो, त्याच शाफ्टवरचा दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं 1905 मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून तत्त्व हेच आहे. हा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, लहान गाड्यांत त्याहूनही जास्त. एवढ्या वेगाला तो घट्ट धरून चालत नाही. म्हणून ट्रक-टिप्परच्या बहुतेक टर्बोंत तरंगते बुश असतात. शाफ्ट आणि बुश यांच्यात फट, बुश आणि बॉडी यांच्यातही फट, आणि इंजिन चालू असताना दोन्ही फटींत दाबाखालचं तेल. इंजिन बंद झालं की दाब जातो, तेल उतरतं, आणि शाफ्ट आडवा थोडा हलतो. खोक्यातून काढलेल्या नव्या टर्बोचाही हलतो.

पुढे-मागे होणारी हालचाल वेगळी. ती बोटाला जवळपास जाणवूच नये. ट्रकच्या अनेक टर्बोंत ती कागदाच्या जाडीएवढी, 0.1 मिलिमीटरच्या आसपासच चालते. एवढं माप बोटाला कळत नाही. त्याला डायल गेज लागतो, आणि आलेला आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघावा लागतो. गेज नसेल तर गार इंजिनावर एक तपासणी कुणालाही करता येते: पंखा एका बाजूला हलकेच दाबून हातानं फिरवायचा. पातं बॉडीला घासलं, किंवा आतल्या भिंतीवर ताजे चमकणारे चरे दिसले, तर टर्बो खरंच गेला. नुसतं ‘हलतंय’ म्हणून तो मोडीत काढणं चूक आहे.

आता तेल. होस पाईपात तेलाचा पातळ थर दिसणं बहुतेक डिझेल गाड्यांत नेहमीचं आहे, कारण इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ अनेक गाड्यांत त्याच वाटेनं आत ओढली जाते. थर सोडून तेल साचलेलं असेल तर शोध घ्यायचाच. पण तिथेही टर्बोवर संशय शेवटी घ्यायचा. टर्बोत रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात आणि तेल मुख्यतः दाबाच्या तोलानं आत राहतं. तो तोल बिघडला की धडधाकट टर्बोसुद्धा तेल फेकतो.

तोल बिघडवणारी कारणं आपल्या भागात रोज दिसतात. एअर फिल्टर चोंदला की पंख्यामागे ओढ तयार होते आणि तेल खेचलं जातं. टर्बोतून इंजिनाच्या ऑईल चेंबरकडे तेल परत नेणारी नळी दबली किंवा कार्बननं भरली की तेल तुंबतं. पिस्टन रिंगा झिजून इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल तर चेंबरमधला दाब ते तेल उतरूच देत नाही. आणि खाणीच्या किंवा सिमेंट कारखान्याच्या काट्यावर रांगेत गाडी तासन्तास आयडलवर ठेवली तर हवेचा दाब तयार होत नाही, म्हणूनही थोडं तेल झिरपतं. यातलं एकही दुखणं नव्या टर्बोनं बरं होत नाही.

टर्बोला बहुधा बाहेरचंच काहीतरी मारतं. गॅरेट, होलसेट यांसारख्या टर्बो बनवणाऱ्या कंपन्यांच्या सर्व्हिस माहितीत बिघाडाची तीच चार कारणं पुन्हापुन्हा येतात: तेल कमी पडणं, तेल घाण असणं, बाहेरची वस्तू आत जाणं आणि अति तापणं. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात आणि सुरजागडच्या लोहखनिजाच्या रस्त्यावर तिसरं कारण हवेतच उडत असतं. फाटक्या फिल्टरमधून आलेली धूळ पात्यांच्या कडा खाते. असा पंखा हातात घेऊन बघा: कडा धारदार नसतात, बोथट आणि गोलसर झालेल्या असतात, आणि धातूवर बारीक खरबरीत भुरकेपणा असतो. तो टर्बो खरंच मेलेला असतो, पण मारेकरी अजून फिल्टरच्या डब्यात बसलेला असतो.

म्हणून तपासणीचा क्रम उलटा हवा. आधी फिल्टर आणि त्याच्या डब्याचं रबर. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत सगळे होस, क्लॅम्प. पुस्तकात दिलेल्या बेताच्या दाबानं हवा भरून साबणाचं पाणी मारलं की सैल क्लॅम्प आणि तडकलेला होस लगेच फेस दाखवतात. मग अ‍ॅक्च्युएटर: हा टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, आवरतो; हातपंप आणि गेज लावून रॉड न अडखळता सरकतो का, दाब धरून ठेवतो का. त्यानंतर बूस्ट गेज लावून भरलेली गाडी चढावर चालवायची. उभ्या गाडीची रेस वाढवून केलेली बूस्टची चाचणी निरुपयोगी आहे. डिझेल इंजिनावर लोड नसेल तर टर्बो नीट दाब करतच नाही. एवढं सगळं झालं की मग शाफ्टला हात लावायचा, इंजिन बंद आणि गार असताना.

बीएस-6 गाड्यांबरोबर नवा गैरसमज आला आहे: ‘कॉम्प्युटरनंच टर्बो गेल्याचं सांगितलं.’ सांगितलेलं नसतं. स्कॅनरवर येणारा पी0299 हा कोड एवढंच म्हणतो की हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. फाटलेला होसही हाच कोड देतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘आमच्या उन्हानं टर्बो जळतो’: ट्रक लोडवर असताना टर्बोत शिरणारे वायू 600 अंशांच्या पुढे जातात, त्यांच्यापुढे बाहेरचे 47 काहीच नाहीत. मात्र 15 अंशांच्या तुलनेत 47 अंशांची हवा साधारण 10 टक्के विरळ असते, त्यामुळे मे महिन्यात पिकअप थोडा कमी वाटणं बिघाड नव्हे. ‘टर्बो घाटातच कामाचा’: विरळ हवेची भरपाई तो करतो हे खरं, पण जेमतेम 190 मीटर उंचीवरच्या चंद्रपुरातही छोट्या इंजिनाकडून मोठं काम तोच करून घेतो. ‘फिल्टरला हवा मारली की नवा’: जोराच्या हवेनं कागद फाटतो, आणि ते भोक दिसतही नाही. ‘बंद करण्याआधी एकदा रेस द्यावी’: ही सवय घातक आहे, शाफ्ट वेगात फिरत असताना तेल बंद होतं, उलट लोडवरून आल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. ‘तेलाच्या जोडाला सिलिकॉन लावलं की गळती नाही’: त्याचेच तुकडे तेलाची वाट अडवतात.

गाडीमालकांनो, पैसे देण्याआधी जुना टर्बो हातात मागून घ्या आणि पातं कुठे घासलं ते मिस्त्रीला दाखवायला सांगा. खरंच घासलेलं असेल तर टर्बो बदला, पण त्याच दिवशी इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर आणि तेलाच्या दोन्ही नळ्याही बदला, आणि नवा टर्बो आधी तेलानं भरल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका.