व्हिसा आला, पण नाव?

दुबईला लेकीकडे जायचं ठरलं की आपण एकच विचारतो, 'व्हिसा आला का?' पण व्हिसा म्हणजे दारापर्यंतची परवानगी. आत घ्यायचं की नाही, हे तिथला अधिकारी ठरवतो. म्हणून आधी पासपोर्ट उघडू. त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. नावाकडे मात्र आपण पाहत नाही. काहींच्या पासपोर्टवर नुसतं 'सुमन' असतं, आडनावाचा रकाना रिकामा. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीत असं एकच नाव पर्यटक व्हिसावर चालत नाही. दुसऱ्या माहितीपानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालतं. आम्ही तत्त्वज्ञानवाले जन्मभर 'मी कोण?' विचारत बसलो. काउंटरवर त्याचं उत्तर दोन रकान्यांत द्यावं लागतं!

आता बॅग. तिथे खसखशीवर बंदी आहे, तेव्हा अनारसे इथेच खाऊन निघू. गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा खोकल्यासाठी कोडीनचं औषध चालू असेल, तर नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही, ऑनलाइन आगाऊ परवानगी काढावी लागते. आदल्या रात्री बॅग भरताना हे आठवून उपयोग नाही.