जलाशयाकाठचा रस्ता सपाट का नसतो?

सायकलीच्या डोंगरवाटा : लेखांक सातवा

मागील लेखांकात आपण घाटाच्या सलग चढणीचा विचार केला. घाट कितीही कठीण असला तरी त्याचा व्यवहार सरळ असतो. चढ एकदा सुरू होतो आणि माथ्यावर एकदाच संपतो. आज ज्या रस्त्याचा विचार करावयाचा आहे त्याची जात निराळी आहे. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयाला वळसा घालून जेथून निघाला तेथेच परत येणारा, झाडीतून जाणारा आणि नकाशावर अत्यंत निरुपद्रवी दिसणारा असा हा रस्ता असतो. पाण्याचा पृष्ठभाग सपाट, तेव्हा त्याच्या काठाने जाणारा रस्ताही सपाटच असावयाचा, अशी समजूत करून घेऊन मैदानी मुलखातले कितीतरी चांगले सायकलस्वार येथे येतात आणि अर्धा वळसा होण्यापूर्वीच पायांतले बळ गमावून बसतात. ही समजूत का चुकते हे नीट उमगावे म्हणून आपण अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचा वळसा उदाहरणादाखल घेऊ.

मुंबई किंवा नाशिककडून येणाऱ्याने घोटी गाठावी. तेथून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरांची वाट आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरांचे, या वाटेवर दीर्घकाळ सोबतीला असते. शेंडी गावाला लागूनच प्रवरा नदीवरचे धरण आहे. दुष्काळांनी वारंवार होरपळलेल्या पूर्वेकडच्या मुलखाला पाणी पोहोचवावे, या हेतूने त्या काळच्या मुंबई सरकारने १९१० मध्ये त्याचे काम हाती घेतले आणि १९२६ मध्ये ते पुरे झाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी बांधाला तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव देण्यात आले. धरणासाठी सह्याद्रीच्या ऐन कण्याला चिकटलेली ही जागा निवडली जाण्याचे कारण पावसात आहे. समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडून घाटघर-रतनवाडीच्या परिसरात आपला बहुतेक भार रिता करतात, आणि तेथून पूर्वेला संगमनेरकडे जावे तसतसा पाऊस झपाट्याने ओसरत जातो. जेथे पाणी पडते तेथे ते अडवावयाचे आणि जेथे पडत नाही तेथे ते न्यावयाचे, ही धरणाची तजवीज. आणि डोंगर, दाट झाडी व जलाशय ही तिन्ही आपल्याला एकाच ठिकाणी भेटतात, त्याचे मूळही तीतच आहे.

आता रस्त्याकडे वळू. धरण बांधले जाते तेव्हा खोऱ्याच्या तळाशी नदीला धरून जाणाऱ्या, म्हणजेच सर्वांत कमी चढाच्या, जुन्या वहिवाटीच्या वाटा पाण्याखाली जातात. आणि नवा रस्ता पूर्ण संचयाच्या रेषेच्या वर, म्हणजे डोंगराच्या उतारावर, काढावा लागतो. तो उतार सलग नसतो. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एकेक ओहळ उतरलेला असतो आणि जलाशयाचे पाणी त्या प्रत्येक ओहळात आत शिरलेले असते, त्यामुळे तळहाताला बोटे फुटावीत तसा जलाशयाचा आकार झालेला असतो. रस्ता आखणाऱ्याला येथे दोनच पर्याय असतात: एक तर समान उंची राखून प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत आत जावे आणि परत यावे, नाही तर अंतर वाचविण्यासाठी सोंड ओलांडून पलीकडे उतरावे. प्रत्यक्षात थोडे हे आणि थोडे ते असे घडते. सोंडेवर चढ, ओहळापाशी उतार, तळाशी मोरी, आणि मोरी ओलांडताच पुन्हा चढ, हा क्रम शेंडीपासून शेंडीपर्यंत चालू राहतो. म्हणून अशा वाटेची अवघडता किलोमीटरांत न मोजता ओहळांत मोजावी, हे या लेखांकाचे मुख्य सांगणे आहे. नकाशावर रस्ता जितक्या ठिकाणी निळी रेघ ओलांडतो, तितक्या वेळा आपल्याला उतरून पुन्हा चढावयाचे आहे असे गृहीत धरावे.

यावर कोणी म्हणेल की, जेथून निघालो तेथेच परत यावयाचे असेल तर जितका चढ तितकाच उतार, मग शेवटी हिशेब बरोबरीत सुटत नाही काय? उंचीचा हिशेब सुटतो, वेळेचा आणि शक्तीचा सुटत नाही. समजा, २० किलोमीटरांपैकी १० किलोमीटर चढ ताशी ८ किलोमीटर वेगाने आणि १० किलोमीटर उतार ताशी ३० किलोमीटर वेगाने कापला. चढाला ७५ मिनिटे लागली, उताराला २०. एकूण ९५ मिनिटांत २० किलोमीटर, म्हणजे सरासरी वेग ताशी साडेबारा किलोमीटरांच्या जवळपास. दोन वेगांची साधी सरासरी जी १९ येते, तिच्या आसपासही आपण पोहोचत नाही. शिवाय चढताना कमावलेली उंची उतरताना पूर्णपणे वेगाच्या रूपाने हाती येत नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तिचा मोठा भाग वारा घेतो, आणि वळणापूर्वी लावलेला ब्रेक उरलेला भाग उष्णतेत घालवितो. या दोहोंमुळे भंडारदऱ्याच्या सुमारे ४५ किलोमीटरांच्या वळशाला मैदानी रस्त्याच्या दुपटीने वेळ धरावा.

वळसा कोणत्या दिशेने घ्यावा? माझ्या मते शेंडीहून प्रथम उत्तर काठाने मुरशेत, उडदावणे, पांजरे या गावांवरून पश्चिमेस घाटघरला जावे, आणि साम्रद, रतनवाडी, मुतखेल असे दक्षिण काठाने परतावे. पहिले कारण असे की, या दिशेने जाताना जलाशय सतत डाव्या हाताला, म्हणजे आपण रस्त्याच्या ज्या कडेने चालतो त्याच बाजूला, राहतो. दुसरे कारण उन्हाचे आहे. उत्तर काठावरचे उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने तेथे ऊन अधिक लागते, तेव्हा तो भाग सकाळच्या गारव्यात उरकावा. दक्षिण काठावरच्या, म्हणजे रतनगड किल्ल्याच्या बाजूच्या, उत्तराभिमुख उतारांवर हिवाळ्यात सावली अधिक काळ टिकते आणि झाडीही दाट आहे, तो भाग दुपारसाठी राखावा.

घाटघरला वाट सह्याद्रीच्या कड्याशी येते. एका बाजूला प्रवरेच्या खोऱ्याचा शांत उतार आणि दुसऱ्या बाजूला ठाणे जिल्ह्याची हद्द दाखविणारा कोकणकडा, असे दोन प्रदेश येथे एकमेकांना टेकलेले आहेत. याच कड्याच्या उंचीचा उपयोग करून २५० मेगावॅट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प उभा आहे. विजेची मागणी असेल तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज निर्माण करावयाची आणि मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवावयाचे, अशी त्याची रीत. आणि वर चढविण्यास लागणारी वीज खाली येताना मिळणाऱ्या विजेहून नेहमीच अधिक असते. ज्या नियमाने सायकलस्वाराचा हिशेब बरोबरीत सुटत नाही, तोच नियम हा.

परतीच्या वाटेवर रतनवाडीला थांबलेच पाहिजे. अमृतेश्वराच्या जुन्या मंदिराचे कोरीवकाम प्रसिद्ध आहे. परंतु मंदिराजवळची पुष्करणी मला त्याहून महत्त्वाची वाटते. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, भिंतींत मूर्तींसाठी कोनाडे असलेल्या या बांधीव कुंडात गावापुरते पाणी साठविण्याची बुद्धी आणि त्या पाण्याविषयीचा आदर ही दोन्ही एकत्र दिसतात.

सुरक्षिततेविषयी एक गोष्ट बजावून सांगतो. या रस्त्यावरचा खरा धोका मोरीपाशी असतो. ओहळाच्या तळाला ऊन कमी पोहोचते, ओल टिकते, सादड्याची आणि जांभळाची पाने कुजून डांबरावर निसरडा थर होतो, आणि पावसाळ्यानंतर वाहून आलेली बारीक खडी नेमकी वळणाच्या बाहेरच्या अंगाला साचते. पुढचा चढ वेगाच्या जोरावर मारावा असा मोह याच ठिकाणी होतो, तो आवरावा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत, दोन्ही चाकांना लावावा. मोरीवर ब्रेक आणि हँडल दोन्ही स्थिर असावेत. आणि चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करून घ्यावा, कारण पूर्ण भार पडल्यावर चेन बदलू लागली की ती निसटते. शेंडी सोडल्यावर सायकलदुरुस्तीचे दुकान मिळेल अशी आशा न धरता दोन ट्यूब, पंप आणि ठिगळांचे सामान जवळ ठेवावे. ऐन आषाढ-श्रावणात धुके आणि पर्यटकांच्या गाड्या या दोहोंमुळे वाट धोक्याची होते; ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

हा सारा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वनखात्याच्या नाक्यावर रीतसर नोंद करावी आणि सूर्यास्तापूर्वी वळसा पुरा करावा. पावसाच्या तोंडावर येथील झाडे काजव्यांनी उजळून निघतात, ते पाहण्यास सायकलीचा दिवा विझवून, पायी आणि गावकऱ्याच्या सोबतीने जावे. रस्त्याकडेच्या अंगणांत वाळत घातलेले बाळहिरडे दिसले तर चाक त्यांवरून जाऊ देऊ नये. महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीतला तो रोख पैशाचा भाग असतो.

अखेरीस या पाण्याविषयी. ते ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळते आणि प्रवरेच्या दोन्ही काठांना ऊस पिकविते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला जो सहकारी साखर कारखाना १९५०–५१ च्या हंगामात सुरू झाला, त्याचा आधार हेच पाणी. खालच्या मुलखाचे हे वैभव निःसंशय मोठे आहे. पण त्यासाठी खोऱ्याच्या तळाची सकस जमीन वरच्या गावांनी दिली आणि स्वतः उतारावरच्या भातखाचरांवर व नाचणीवर भागविले. ज्या चढ-उतारांनी आपण एका दिवसात थकतो, ते या गावांना शाळेसाठी, दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी रोज पडतात. म्हणून जलाशयाकाठी येणाऱ्या सायकलस्वाराने आपला शिधा पाठीवरून आणून कचरा मागे ठेवण्यापेक्षा साम्रदला किंवा रतनवाडीला एखाद्या घरी भाकरी सांगावी, तिचे दाम घासाघीस न करता द्यावे, आणि हा रस्ता आपल्या करमणुकीसाठी आखलेला नसून गावांच्या वहिवाटीचा आहे हे ध्यानात ठेवून त्यावरून जावे.

पुढील लेखांकात मुळशीचा जलाशय आणि ताम्हिणी घाट.