बाळाच्या कातडीचा सामू



माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की आपण आधी सामू बघतो. साडेसहा ते साडेसात असला तर निश्चिंत, साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण झाली म्हणून कपाळाला हात लावतो. हाच सामू बाळाच्या कातडीलाही असतो. जन्मताना तो सातच्या आसपास असतो व पुढील काही आठवड्यांत उतरत साडेपाचच्या जवळ येतो. ही किंचित आंबट बाजू म्हणजे कातडीचे कुंपणच. तिच्यामुळे आतली ओल टिकते आणि रोगजंतूंना थारा मिळत नाही. साध्या साबणाचा सामू नऊ-दहा असतो. मग रोज साबण चोळून न्हाऊ घालणे म्हणजे चांगल्या रानाला खारे पाणी देत राहणेच नव्हे काय?

ऊस-विकास विभागाने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण गळीत हंगाम. ऐन थंडीत आपल्या कार्यक्षेत्रात तान्ही बाळे वाढतात. ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली असतात, तशी देवनार-चेंबूरकडे दिलेल्या आपल्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात त्यांचीही. देवनार खाडीच्या अंगाला असल्याने तिथली हवा बारमाही दमट. तिथे बाळाच्या अंगाला काही लावले नाही तरी निभते. आपल्याकडे पौष-माघात मोठ्यांच्या टाचा फुटतात, तर बाळाची पातळ कातडी कशी टिकावी?

उपाय आपल्या ओळखीचाच आहे. पाणी दिल्यावर सरीत पाचट पसरले की ओल उडत नाही. बाळाचे तसेच. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत न्हाऊ घालावे, मऊ पंचाने अंग टिपावे, पुसू नये, आणि कातडी ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. डाळीच्या पिठाने लव काढण्याची चाल सोडलेली बरी. त्याने लव जात नाही, कातडी मात्र खरवडते. नाका-कानात तेल घालू नये. आजीबाईंना हे पटवणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो! पण नाकातले तेल फुप्फुसात उतरते.

तेल कोणते? २००५ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी नवजात बाळांचे गट करून एकाला खोबरेल, दुसऱ्याला खनिज तेल लावले व तिसऱ्याला दोन्ही लावले नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत खोबरेलाच्या गटाचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढले. म्हणजे महागड्या बाटलीची गरज नाही. मोहरीचे तेल मात्र नको, ते कातडीला झोंबते.

जन्मताच अंगावर असलेला पांढरा चिकट थर घासून काढू नये. पहिली आंघोळ चोवीस तासांनंतरच, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वजन कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा.

उन्हाळ्यात तेल कमी करावे व सुती झबले घालावे. घामोळ्यावर पावडर थापू नये. ती श्वासावाटे आत जाते. पावडरीच्या सामूवरून तर मुलुंडच्या जॉन्सन अँड जॉन्सन कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला होता. पुढे नव्याने तपासलेले नमुने प्रमाणात बसले आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. निकाल काही असो, पावडरीवाचून बाळाचे अडत नाही.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत. दमट लंगोट बांधू नये. चुलीच्या उबेवर का होईना, पूर्ण वाळवावा. मांडीच्या घडीत लाली आली तर काही वेळ उघडे ठेवावे.

आता फडातली बाळे. पाचटाच्या कडा ब्लेडसारख्या, त्यात पहाटेचा गारठा. ज्यांच्या रानात टोळी उतरली आहे त्या सभासदांनी बाळासाठी जाड गोधडी, सावली आणि बादलीभर गरम पाणी दिले तर तोड काही थांबत नाही. आशाताई बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बघतात. टोळी गाव बदलते तेव्हा या भेटी चुकतात. आपल्या शिवारात तान्हे बाळ आले आहे, एवढे गावच्या आशाताईंना त्याच दिवशी कळवावे.

आणखी एक, आमच्याच खात्यातले. तणनाशक फवारून आलेल्याने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. ते कपडे दुपट्यांबरोबर धुऊ नयेत. औषधाची रिकामी बाटली धुऊन त्यात खोबरेल भरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ती बाटली फोडून टाकावी.

कातडीवर पू धरलेले फोड, नाळेभोवती लाली, तळपायापर्यंत पिवळेपणा, अंग तापणे किंवा गार पडणे, दूध न ओढणे, यांपैकी काहीही दिसले तर तेल-लेप करीत बसू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे; वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा, रात्रीही गाडी येते.