तारेवाचून उडणारे भिरभिरे

हेलिकॉप्टर आपण सर्वांनी पाहिले आहे. निवडणूक आली की एखादा पुढारी त्यातून उतरतो. धुरळा उडतो, पोरे तिकडे धावत सुटतात. त्या हेलिकॉप्टरात चालक बसलेला असतो. पण आता नवीनच प्रकार निघाला आहे. चालक जमिनीवर उभा, हातात एक डबी, आणि यंत्र तेवढे आकाशात! लग्नाचे फोटो काढायला, पिकावर औषध मारायला, घरांची मोजणी करायला हे यंत्र गावात येते. त्याला ड्रोन म्हणतात.

हे यंत्र एका दिवसात झालेले नाही. त्याचा आजा म्हणजे खेळण्यातले हेलिकॉप्टर. त्या आजाची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

हुकूम वर कसा पोचतो?

हातातल्या डबीचा हुकूम वरच्या यंत्राला कसा बरं कळतो? मध्ये ना तार, ना दोरी. तो हुकूम रेडिओच्या लहरींवरून जातो. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण रेडिओवरची गाणी त्यांच्यावरूनच आपल्या घरी येतात. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपासच्या मुलखात जाळीच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत. त्या एकूण ३० आहेत आणि एकेक ४५ मीटर रुंद आहे. आकाशातून, फार लांबून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणे हेच त्यांचे काम.

१८९८ साली टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एक छोटी होडी अशा लहरींनी चालवून दाखवली. पुढे हौशी लोकांनी याच रीतीने खेळण्यातली विमानेही उडवली. पण हेलिकॉप्टर काही केल्या जमेना.

हेलिकॉप्टर का अडले?

अडचणी दोन होत्या. वरचे पाते एका बाजूला फिरू लागले, की खालचे धड उलट्या बाजूला फिरू पाहते. त्याला उपाय म्हणून शेपटीला एक छोटा पंखा बसवतात. तो धडाला धरून ठेवतो.

दुसरी अडचण मोठी. हेलिकॉप्टर हवेत एका जागी तरंगते आणि जरा तोल गेला की कलंडते. ते जितके लहान, तितके लवकर कलंडते. असं का होतं, ते घरी करून पाहा. तळहातावर लांब काठी उभी धरा. ती सावकाश कलते, म्हणून हात हलवून सावरता येते. आता तेवढ्याच जाडीची वीतभर काडी धरा. हात हलवायच्या आत ती पडते. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचे तेच होई. खालचा माणूस डबीची कळ दाबेपर्यंत ते जमिनीवर आदळलेले असे.

अमेरिकेत आर्थर यंग नावाचा एक गृहस्थ होता. त्याने दहा-बारा वर्षे छोटी हेलिकॉप्टरे करून पाहिली. किती मोडली, तरी त्याने नाद सोडला नाही. शेवटी त्याला युक्ती सापडली. आपला भोवरा पाहा. फिरत आहे तोवर तो उभा राहतो, सहजासहजी पडत नाही. यंगने पात्याजवळ एक आडवी दांडी बसवली आणि तिच्या टोकांना वजने लावली. दांडी पात्याबरोबर भोवऱ्यासारखी गरगर फिरे आणि तोल सावरी. १९४१ साली त्याने आपले छोटे यंत्र बेल कंपनीच्या लोकांना दाखवले. त्याला हुकूम तारेतून जात होता, रेडिओवरून नव्हे. पण त्याच युक्तीवर बेल कंपनीने माणूस बसायचे मोठे हेलिकॉप्टर केले. १९४६ साली त्याला सरकारी परवाना मिळाला.

श्लूटरची चिकाटी

तारेवाचून छोटे हेलिकॉप्टर उडवायचे काम मात्र राहिलेच होते. ते जर्मनीच्या डीटर श्लूटर या इंजिनियरने तडीस नेले. त्यानेही फिरती दांडी वापरली, पण तिच्या टोकांना छोटी पाती लावली. १९७० सालच्या जून महिन्यात त्याचे हेलिकॉप्टर १० किलोमीटरहून जास्त अंतर उडाले. पुढे अशा हेलिकॉप्टरांचे सुटे भाग पेटीत घालून दुकानात विकायला आले.

मग हे खेळणे शेतात उतरले. जपानात यामाहा कंपनीने १९८७ साली मोठे, बिनचालकाचे हेलिकॉप्टर बाजारात आणले. ते २० किलो ओझे उचलून भातपिकावर औषध फवारी. शेतकरी बांधावर उभा राही.

आजच्या ड्रोनला बहुधा चार पंखे असतात. दोन एका बाजूला फिरतात, दोन उलट्या बाजूला. त्यामुळे शेपटीचा पंखा लागत नाही. तोल सांभाळायला नखाएवढे विजेचे यंत्र असते. यंगच्या दांडीचे काम आता ते करते.

ड्रोन आणि आपले घर

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला बहुतेक गावांत तसा कागद नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून ओट्यावरून, भिंतीवरून, बोळावरून भाऊबंदांत तंटे होतात.

यावर उपाय म्हणून आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी, गावठाणाची मोजणी ड्रोनने करून पाहिली. नंतर २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने देशभरासाठी स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोन वरून फोटो काढते. त्यावरून नकाशा होतो. मग घरमालकाला सनद आणि मालमत्ता पत्रक मिळते.

पण मंडळी, ड्रोनला छपरे दिसतात, हद्द दिसत नाही. म्हणून मोजणीआधी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. त्या वेळी स्वतः हजर राहा आणि शेजाऱ्यालाही बोलवा. तुम्ही परगावी असाल, तर घरातल्या जाणत्या माणसाला उभे करा. रेघ चुकली, तर नकाशाही चुकतो. पुढे नकाशा आणि चौकशीची नोटीस लागली, की ती वाचा. काही चूक दिसली, तर मुदतीत लेखी हरकत द्या.

तुमच्या गावची मोजणी होऊन गेली असेल, तर सनद पेटीतून काढा. त्यावरचे नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा स्वतः वाचून पाहा. घर बायको आणि नवरा दोघांचे असेल, तर दोघांची नावे आहेत का, तेही बघा. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही.