रोगजंतूंची ओळख : रंजन, संवर्धन आणि अनभिज्ञतेची किंमत

बंगळूरची बसवनगुडी ही वसाहत भव्य नंदीमंदिरासाठी आणि गांधी बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या सरळ, रुंद रस्त्यांमागे मात्र एका साथीचा इतिहास आहे. १८९८ मध्ये प्लेग बंगळूरला पोहोचला, तेव्हा जुन्या पेठांतील दाटीवाटी, अंधार आणि कोंदटपणा यांनाच रोगाचे मूळ मानले गेले. मैसूर संस्थानात प्लेगनिवारणाची धुरा तंजावर भागातील मराठी घराण्यात जन्मलेले व्ही. पी. माधवराव यांच्याकडे होती. पुढे ते संस्थानचे दिवाण झाले. मोकळी हवा खेळेल अशा बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती त्या काळात आकाराला आल्या. साथ शहराची रचना बदलू शकते, इतका तिचा आर्थिक व सामाजिक भार मोठा असतो. हा भार किती वाढेल, हे बऱ्याच अंशी रोगजंतूची ओळख किती लवकर व किती खात्रीने पटते यावर अवलंबून असते.

रंग काय सांगतो?

जिवाणू बहुधा रंगहीन असतात. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसत नाहीत. रंजन पद्धतीत रुग्णाच्या गाठीतील द्रव, रक्त किंवा थुंकी काचपट्टीवर पसरून वाळवतात, किंचित उष्णता देऊन पक्की करतात आणि मग रंगवतात.

डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये मांडलेली पद्धत आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते. प्रथम जांभळा रंग, नंतर आयोडीन, त्यानंतर अल्कोहोलने धुणे आणि शेवटी गुलाबी रंग, असे तिचे चार टप्पे आहेत. ज्या जिवाणूंची पेशीभित्ती जाड असते ते जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तीचे जिवाणू तो सोडतात आणि गुलाबी दिसतात. काही मिनिटांत मिळणाऱ्या या माहितीवरून कोणते औषध उपयोगी पडण्याचा संभव आहे, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

प्लेगचा जिवाणू ग्रॅम पद्धतीत गुलाबी दिसतो. विशिष्ट रंग वापरल्यास त्याची दोन्ही टोके गडद व मधला भाग फिका, म्हणजे मिटलेल्या सेफ्टीपिनसारखा दिसतो. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सां आणि शिबासाबुरो किटासाटो या दोघांनीही प्लेगच्या जंतूचा शोध घेतला. येर्सां यांचे वर्णन नेमके ठरले; किटासाटो यांच्या नमुन्यांत इतर जिवाणू मिसळले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. रंजनाची मर्यादा येथेच स्पष्ट होते. रंग संशय निर्माण करतो, खात्री देत नाही.

संवर्धन : खात्रीचा मार्ग

खात्रीसाठी जिवाणू वाढवावा लागतो. पोषक द्रव्ये मिसळलेल्या अगारवर नमुना पसरून ठेवल्यास एकेका जिवाणूपासून डोळ्यांना दिसेल अशी वसाहत तयार होते. प्लेगच्या जिवाणूला सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि तो सावकाश वाढतो. चोवीस तासांनी वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्याच असतात.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. त्यानंतर वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत या जिवाणूचे संवर्धन मांसरसात केले. रसावर तुपाचा तवंग ठेवला की जिवाणू त्याच्या खालच्या बाजूने, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या खांबांप्रमाणे, वाढत. ही वाढ ओळखीची खूण ठरली आणि हेच संवर्धन उष्णतेने मारून लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

संवर्धनाचा आणखी एक लाभ आहे. वाढलेल्या जिवाणूंवर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवल्यास कोणत्या चकतीभोवती वाढ थांबते हे दिसते व परिणामकारक औषध निवडता येते. मात्र नमुना औषध सुरू होण्यापूर्वी घेतला पाहिजे. प्रतिजैविक पोटात गेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढेलच असे नाही.

१९९४ चा धडा

ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवल्याचे वृत्त आले. सुरतेतून लाखो लोक बाहेर पडले, अनेकांनी स्वतःहून टेट्रासायक्लिन घेतले. काही देशांनी भारताशी विमानसेवा थांबवली. पर्यटन व निर्यातीला फटका बसला. रोग खरोखर प्लेगच आहे का, यावर देशात व परदेशात वाद चालू राहिला, कारण संवर्धनाचा निर्विवाद पुरावा वेळेत हाती नव्हता. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी जनुकीय पद्धतीने केलेली पुष्टी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. बाजारपेठेची भीती मात्र त्यासाठी थांबली नव्हती.

सार्वजनिक गुंतवणूक का हवी?

निदानाचा लाभ केवळ रुग्णापुरता नसतो. एका रुग्णाचा जंतू ओळखला गेला की शेजाऱ्यांचे, गावाचे व व्यापाराचेही रक्षण होते. अशा बाह्य लाभांची किंमत खासगी ग्राहक मोजत नाही. म्हणूनच बाजारावर सोडल्यास प्रयोगशाळांत गुंतवणूक अपुरी राहते.

रंजनासारखे स्वस्त तंत्र राष्ट्रीय धोरणाचा पाया कसे बनू शकते, हे बंगळूरनेच दाखवले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या १९६३ मधील अभ्यासात, क्षयाची लक्षणे असलेल्या ग्रामीण रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण आधीच आरोग्यकेंद्रात येऊन गेल्याचे आढळले. त्यामुळे घरोघरी यंत्रे नेण्याऐवजी तेथेच थुंकी तपासणे शहाणपणाचे ठरले. थुंकीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे ५ ते १० हजार क्षयजंतू असल्यास रंजनात ते दिसतात. संवर्धनात १० ते १०० जंतूही पुरतात, पण निकालास काही आठवडे लागतात. भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅटसारख्या रेणवीय चाचण्यांनी हा काळ तासांवर आणला आहे. तरीही औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा सखोल अभ्यास आणि उपचारांवरील देखरेख यांसाठी संवर्धनाची गरज संपलेली नाही.

प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान २०२१ मध्ये सुरू झाले. प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. इमारत आणि उपकरणे यांच्यावर खर्च झाला म्हणजे हे उद्दिष्ट साध्य झाले असे नव्हे. काचपट्टी अचूक वाचणारा तंत्रज्ञ, अखंड वीजपुरवठा, ताजे पोषक माध्यम आणि पहिली गोळी देण्यापूर्वी नमुना घेण्याची शिस्त या आवर्ती खर्चाच्या बाबी आहेत. अंदाजपत्रकात नेमक्या याच बाबींना सर्वप्रथम कात्री लागते. साथ आल्यावर नवी वसाहत वसवण्यापेक्षा साथ येण्यापूर्वी एक तंत्रज्ञ नेमणे कितीतरी स्वस्त आहे, हे नियोजनकर्त्यांनी विसरता कामा नये.