झाडाची तीन वर्षं

बीड शहराजवळच्या पालवणच्या डोंगरावर 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 रोजी वृक्षसंमेलन भरलं. आपल्याकडे संमेलन म्हटलं की अध्यक्षपदावरून आधी महिनाभर धुरळा उडतो. इथे अध्यक्ष होता वड, त्यामुळे ती सोय राहिली नाही. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ने वन विभागाच्या साथीने त्या उजाड माळावर झाडं वाढवायला घेतली होती, लेखक अरविंद जगतापही या कामात होते. संमेलन राज्यभर गाजलं. पुढे त्याच देवराईत आग लागल्याची बातमी आली, ती मात्र दोन दिवसांत विरली. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताच्या डोंगरावर जाळपट्टा काढायचा आणि राखणदार ठेवायचा, तर त्या कामाला ना फीत कापता येते ना फोटो निघतो. गावच्या हिरवाईला मिळणाऱ्या पैशाचं दुखणं नेमकं इथे आहे.

राज्य सरकारने 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. आकडा नेहमी लावलेल्या झाडांचा सांगितला जातो, जगलेल्यांचा विचारावा लागतो. बीडमध्ये तर तो विचारायलाच हवा. बालाघाट डोंगररांगेचा मुरूम, बेभरवशाचा पाऊस, आणि त्याहून अवघड म्हणजे इथलं वर्ष. जुलैत खड्ड्यात गेलेलं रोप दिवाळीपर्यंत पावसाच्या ओलीवर तग धरतं. नंतर पाणी घालायची वेळ येते, तेव्हा मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड जोड्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या असतात. हंगाम संपून, पट्टा पडून त्या परतेपर्यंत उन्हाळा तोंडावर आलेला. गावात उरतात म्हातारी माणसं, काही लेकरं आणि शेळ्या. रोपाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न इथे हौसेचा नाही, मनुष्यबळाचा आहे.

म्हणून हिशेब मांडून पाहू. दोनशे झाडं, आठवड्यातून तीन दिवस एक माणूस, नोव्हेंबर ते मे असे तीस आठवडे. 2025-26 साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये रोज होती. त्या दराने वर्षाचे 28,080 रुपये झाले, तीन वर्षांचे 84,240. पाणी, कुंपण, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं हे वेगळं. पण मजुरी लाखाच्या आतच बसते. गावातच राहणाऱ्या एखाद्या विधवा बाईला किंवा कोयता झेपेनासा झालेल्या माणसाला हे काम दिलं, तर त्या पैशात झाड आणि चूल दोन्ही जगतात.

लाखा-दोन लाखांची अशी रक्कम तीन वर्षांसाठी देणारं दार शोधायला गेलं, की पंचाईत सुरू होते. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम 1992 पासून जगभर चालतो. एका प्रकल्पाला कित्येक वर्षं कमाल पन्नास हजार डॉलर मिळत, आणि तेवढीच भर स्थानिकांनी पैशाने किंवा श्रमाने घालावी ही अपेक्षा. कल्पना उत्तम. पण त्याचा अर्ज लिहायला जी संस्था लागते, ती प्रत्येक गावात कुठून आणायची?

कायद्याने एक दार गावातच करून ठेवलं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, तिची नोंदवही आहे, स्थानिक निधीचीही तरतूद आहे. वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली. चुकणाऱ्या राज्याला महिना दहा लाखांचा भुर्दंड. देशभर समित्या आणि नोंदवह्या भराभर उभ्या राहिल्या. दंडाच्या धाकाने लिहिलेल्या वहीत गावाचा जीव किती उतरणार! तरी ती समिती आहे, आणि लहान रकमा थेट तिच्या खात्यात टाकून बघायला काय हरकत आहे?

पैसा आधी द्यायचा की काम आधी बघायचं, यावर आंबेजोगाई तालुक्याने एक अनुभव घेतलेला आहे. 2016 ला पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली: वरूड, कोरेगाव आणि आंबेजोगाई. तिथे अनुदान नव्हतं, बक्षीस होतं; आधी कुदळ, मग पैसा. गावं पेटून उठली, हे खरं. पण स्पर्धा दीड महिन्याची होती आणि चर खणून संपतो. झाडाला स्पर्धेचा उत्साह पुरत नाही.

आता जागेचं. अर्जात ‘मोकळी जागा’ असं लिहिलं की अधिकाऱ्याच्या नजरेपुढे गायरान येतं. पण मराठवाड्यातलं गायरान मोकळं क्वचितच असतं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून हा प्रश्न धगधगतो आहे. बीड जिल्ह्यात तेलगावचे एकनाथ आव्हाड आणि त्यांचं मानवी हक्क अभियान दलित भूमिहीनांच्या गायरानांसाठी आयुष्यभर झगडलं. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारने ठरवलं, तरी कित्येकांचे सातबारे अडकलेलेच राहिले. दुसरीकडे, गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपाल सिंग निकालात बजावलं. त्यातही भूमिहीनांना वा दलित-आदिवासींना पट्ट्याने दिलेल्या जमिनींसारखे अपवाद ठेवले. हा गुंता न बघता कुणाच्या पोटाच्या पट्ट्यावर वनराई उभी करायला निघालेल्या प्रकल्पाला माझ्या हातात असतं तर मी एक रुपया दिला नसता.

वादाशिवायच्या जागा कमी नाहीत: शाळेचं आवार, स्मशानभूमीची कड, पाझर तलावाचा बांध, देवस्थानाभोवतीचा माळ. आणि झाडंही इथलीच निवडावीत. बीडच्या सीताफळाला 2016 ला भौगोलिक मानांकन मिळालं. धारूरच्या डोंगरात ते कुणी न लावता वाढतं, मुरमात रुजतं, आणि त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही; कुंपणाचा निम्मा खर्च तिथेच वाचला. कडेला बोर, हिवर, लिंब. गुलमोहर फोटोत छान दिसतो, पण बालाघाटावर त्याचं काय काम?

छापील अर्जात रोपांची संख्या, खड्ड्याचं माप आणि उद्घाटनाची तारीख विचारतात. त्याजागी तीनच रकाने हवेत: फेब्रुवारीत पाणी कुठून येणार, ते घालणारं माणूस कारखान्याला जाणार की गावात राहणार, आणि त्या जागेवर आज कुणाची गुरं चरतात. पैशाचा शेवटचा हप्ता तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात, उभी झाडं मोजून.